कार्ट्रिज रीडर, नऊ महिन्यांनंतर: घेतला नकली ओळखायला, कामी आला भलत्याच कारणासाठी

गेम बॉयच्या, म्हणजे निंटेंडोच्या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या, जुन्या कॅसेट्स घेताना मी दोनदा फसलो होतो. (कार्ट्रिज हा शब्द मोठेपणी आला, तोंडात बसलाय तो कॅसेटच.) म्हणून हा रीडर घेतला. मनातला हिशेब सरळ होता: कॅसेट खोचायची, यंत्र खरी की खोटी ते सांगेल आणि भाव ठरवायला आपण मोकळे. तसं काही झालं नाही. तरीही यंत्र अजून टेबलावरच आहे, ते का ते सांगतो.

तळहाताएवढी डबी, वर खाच, मागे यूएसबी. कॅसेटमधला सगळा गेम फाइल म्हणून संगणकावर उतरतो आणि गेममधलं सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) वेगळं काढता येतं, परत घालताही येतं. एक तक्रार आधीच नोंदवतो. गेम बॉयच्या कॅसेट ५ व्होल्टवर चालतात, गेम बॉय ॲडव्हान्सच्या ३.३ वर. माझ्या रीडरवर त्यासाठी हाताने सरकवायचं बटण आहे, आणि ते इतकं बारीक की दिव्याखाली धरून बघावं लागतं. चुकीच्या व्होल्टेजवर जुनी चिप जाऊ शकते. असल्या गोष्टीत माणसावर भरवसा ठेवणारं डिझाइन मला पटत नाही.

पहिला फायदा स्वच्छतेचा झाला. गेम बॉय सुरू होताना वरून खाली सरकत येणारा निंटेंडोचा लोगो मशीन कॅसेटमधूनच वाचतं आणि स्वतःजवळच्या प्रतीशी ताडून बघतं. जुळला नाही तर तिथेच अडून बसतं. पिना मळल्या की लोगोच्या जागी काळा पट्टा दिसतो तो त्यामुळे. रीडरवर अशा कॅसेटचं नाव कचरा अक्षरांत येतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा दोनदा फिरवला की बहुतेक वेळा नाव नीट उमटतं. ‘बंद आहे’ म्हणून स्वस्तात आलेल्या माझ्या सहा कॅसेटपैकी पाच अशाच जिवंत झाल्या. फुंकर मारायची सवय मात्र सोडा, तोंडातली वाफ पिनांना गंजवते. खोडरबरही नको, त्याने वरचा सोन्याचा मुलामा घासला जातो.

आता मूळ मुद्दा, नकली माल. उतरवलेल्या फाइलचा चेकसम (फाइलमधल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) संग्राहकांच्या यादीतल्या चेकसमशी जुळला की कॅसेट अस्सल, असं मी धरून चाललो होतो. पण नकली बनवणारा तोच गेम जसाच्या तसा चिपवर चढवतो, तेव्हा जुळणारच! जुळणं हा पुरावाच नव्हे. न जुळणंही लगेच गुन्हा ठरत नाही, कारण एकाच गेमच्या दुरुस्त आवृत्त्याही कारखान्यातून निघाल्या आहेत.

यंत्राने खरोखर चोर पकडला तो दोनच रीतींनी. एक म्हणजे चिपची ओळख. अस्सल कॅसेटमध्ये मास्क रॉम असतो, त्यावर नंतर काही लिहिता येत नाही. रीडरने विचारल्यावर चिपने फ्लॅश मेमरी, म्हणजे पुसून परत लिहिता येणारी, म्हणून ओळख दिली की विषय संपला. (जपानमध्ये दुकानातल्या मशीनवर गेम भरून देणाऱ्या निंटेंडोच्याच कॅसेट होत्या, त्या याला अपवाद, पण त्या दिसायलाच वेगळ्या.) दुसरी रीत मला जास्त आवडली. गेम बॉयच्या प्रत्येक गेममध्ये दोन बेरजा लिहिलेल्या असतात: एक सुरुवातीच्या माहितीची, एक अख्ख्या गेमची. मशीन पहिलीच तपासतं, दुसरीकडे ढुंकूनही बघत नाही. बॅटरीचा खर्च वाचवायला नकली बनवणारे सेव्हचा कोड बदलतात आणि दुसरी बेरीज सुधारायची राहून जाते. माझी एक ‘पोकेमॉन सिल्व्हर’ अशीच सापडली. लेबल सुरेख, रंग बरोबर, बेरीज चुकलेली.

पण खरं सांगायचं तर दहातल्या आठ वेळा निकाल लावला तो स्क्रू-ड्रायव्हरने. ३.८ मिलिमीटरचा गेमबिट (निंटेंडोच्या खास स्क्रूसाठीचा) आणि ॲडव्हान्सच्या कॅसेटसाठी तीन पाकळ्यांचा, एवढं पुरतं. उघडल्यावर बोर्डावर निंटेंडोचं नाव आणि चिपवर गेमचा सांकेतिक क्रमांक दिसायला हवा. चिपच्या जागी काळ्या डांबरासारखा ठिपका दिसला की मी पुढे बघतच नाही. न उघडता बघायचं असेल तर लेबलवर तिरप्या उजेडात दाबून उमटवलेला आकडा शोधा. पोकेमॉनच्या रूबी, सफायर आणि एमराल्डचं कवच पारदर्शक हवं. नुसत्या नकली ओळखण्यासाठी घेत असाल, तर रीडर घेऊ नका.

माझ्याकडे तो टिकला तो सेव्हमुळे. त्या काळच्या बहुतेक कॅसेटमध्ये सेव्ह एका नाणेबॅटरीवर जगतं. १९९९ च्या पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये त्याच सीआर २०२५ वर घड्याळही चालतं, त्यामुळे ती लवकर संपते. बॅटरी काढली की सेव्ह गेलं. म्हणजे आधी सेव्ह उतरवायचं, पत्ती जोडलेली नवी बॅटरी डाग द्यायची आणि सेव्ह परत चढवायचं.

यात माझी एक चूक झाली, ती अजून टोचते. ताईच्या गोल्डमधलं सेव्ह उतरवलं, बॅटरी बदलली, सेव्ह परत घातलं, आणि गेममध्ये ‘नवा खेळ’ एवढाच पर्याय दिसला. फाइल उघडून बघितली तर पहिल्यापासून शेवटपर्यंत एफएफ, एफएफ, म्हणजे काहीच वाचलं गेलं नव्हतं. पिना नीट न पुसताच वाचलं होतं, आणि फाइल तयार झाली यावरच मी खूश होतो. ताई म्हणाली, “जाऊ दे रे, मी कुठे आता खेळणार होते!” पण तिने कॅसेट परत मागितली नाही. तेव्हापासून प्रत्येक सेव्ह दोनदा वाचतो, दोन्ही फाइली ताडतो आणि मगच डागणीला हात लावतो. सॉफ्टवेअरने हे स्वतःहून करायला हवं होतं. दुसऱ्यांदा वाचायला काही सेकंद लागतात.

भाव ठरवण्यात रीडर उपयोगी पडतो का? थोडासा. माझ्या वहीत मागितलेल्या किमतींना जागा नाही; प्रत्यक्ष विक्री झालेल्या शेवटच्या पाच-सात व्यवहारांतला मधला आकडा धरतो, तोही सुटी कॅसेट, खोक्यासह पूर्ण आणि सीलबंद असा वेगवेगळा. रीडरमुळे त्यात एक रकाना वाढला: वाचली की नाही, सेव्ह धरते की नाही. विकताना बॅटरी बदलल्याचं सांगतो. खेळणाऱ्यांना ते आवडतं, मूळ डागच हवा असणारे नाक मुरडतात.

पण मोठे आकडे कुठून येतात ते हे यंत्र कधीच वाचू शकणार नाही. निंटेंडोच्या टीव्हीला जोडायच्या एनईएस यंत्रावरची, १९८७ ची बंडाईची ‘स्टेडियम इव्हेंट्स’ घ्या. ती बाजारात जेमतेम आली आणि निंटेंडोने तोच खेळ ‘वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट’ या नावाने काढला. शीर्षकाचा पडदा सोडला तर आत जवळपास तेच. एक संग्राहकांच्या स्वप्नात, दुसरी जुन्या कॅसेटच्या कुठल्याही ढिगात. २०२१ मध्ये १५.६ लाख डॉलरला गेलेली सीलबंद ‘सुपर मारिओ ६४’ तर खाचेत खोचण्याचा प्रश्नच नाही. खोचली की ती किंमतच उरत नाही.

वीसेक बॅटरीवाल्या कॅसेट असतील तर घ्या, चार असतील तर कुणाचा तरी उसना आणा. माझ्या अजून चौदा बॅटऱ्या बदलायच्या राहिल्यात. घड्याळवाल्या आधी घेतोय.