गच्चीवरचा सोलर वॉटर हीटर: पैसे वसूल, पण सर्व्हिसच्या नावाने बोंब

मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर वरच्या दोन फ्लॅटसाठी २०० लिटरचा ट्यूबवाला सोलर हीटर बसवलाय आणि पाणी खरंच कडक तापतं. सोलर म्हटलं की लोकांना पॅनल आणि बॅटरीच आठवते, पण अहो ही टाकीच बॅटरी आहे, २०० लिटर पाणी २५ वरून ६० डिग्रीवर गेलं की साधारण ८ युनिट विजेइतकी उष्णता साठते, आणि टाकीला पफचं (उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमचं) जाड अस्तर असल्याने दुपारी तापलेल्या पाण्यात सकाळी सहालासुद्धा थंड मिसळावं लागतं. देश २०७० पर्यंत नेट झिरो (जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेऊ) म्हणतोय आणि आपण आंघोळीच्या बादलीसाठी कोळशाची वीज जाळायची, जरा अतीच नाही का!

जुलैत मात्र बॅकअपची विजेची कॉइल लावावीच लागते, हे विकणारा सांगत नाही. पाईप लांब असला तर आधी बराच वेळ गारच पाणी येतं, त्यामुळे गरम पाण्याच्या पाईपला इन्सुलेशन भांडून करून घ्या. बोअरिंगचं पाणी असेल तर क्षार धरतात, ट्यूबा साफ कराव्या लागतात, बीएमसीच्या पाण्याला तेवढा ताप नाही.

बसवणाऱ्यांचं काय बोलायचं, एक ट्यूब तडकली तर फोनच उचलेनात, शेवटी नाक्यावरच्या प्लंबरने बदलून दिली. हीटरला चार स्टार, त्यांना एक, तोही बळंच.