न बदललेल्या वाय-फाय कार्डाचे दोन हजार रुपये

माझा लॅपटॉप ठाण्यातील कार्यालय आणि डोंबिवलीतील घर अशा दोन ठिकाणच्या वाय-फायवर चालतो. गेल्या पावसाळ्यात कार्यालयातील तंत्रज्ञाने त्यावर कायमचा आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्राला ओळखणारा क्रमांक) घालून दिला आणि त्याच संध्याकाळी घरी वाय-फाय जोडलेले दिसत असूनही इंटरनेट मिळेना. घरचे दोन्ही मोबाइल त्याच राउटरवर सुरळीत चालत होते, त्यामुळे दोष लॅपटॉपचा आहे एवढे कळले. त्यापुढे माझी अक्कल चालली नाही.

स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात मी लॅपटॉप नेला. "साहेब, वाय-फाय कार्ड गेलंय. आणि दोन नेटवर्क वापरता, म्हणजे सेटिंग बदलणारं सॉफ्टवेअरही लागणार," असे दुकानदाराने सांगितले आणि कार्डाचे २,००० व सॉफ्टवेअरचे वर्षाचे १,२०० रुपये रोख घेतले. बिल मागितल्यावर त्याने एका चिठोऱ्यावर नुसते आकडे लिहून दिले. काढलेले जुने कार्ड मागून घ्यावे, हे मला सुचलेच नाही. घरी इंटरनेट सुरू झाले होते, एवढ्यावर मी खूश होतो.

आमच्या कार्यालयात यादीत नोंद असलेल्या यंत्रांनाच वाय-फाय मिळते आणि ही नोंद कार्डाच्या मॅक पत्त्यावरून होते. हा बारा अंक-अक्षरांचा पत्ता प्रत्येक कार्डाचा वेगळा असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तंत्रज्ञाला नव्या कार्डाची नोंद करण्याची विनंती केली. परंतु लॅपटॉप आधीच नेटवर्कला जोडला गेला होता! त्याने लॅपटॉपमधील 'फिजिकल अ‍ॅड्रेस' (म्हणजेच मॅक पत्ता) यादीशी ताडून पाहिला, तेव्हा बाराही खुणा जुन्या नोंदीशी तंतोतंत जुळल्या. (ही पडताळणी करताना खऱ्या पत्त्याऐवजी दुसराच पत्ता दाखवणारा 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस' बंद असावा लागतो, माझा बंदच होता.) कार्ड कोणी बदललेच नव्हते.

खरा बिघाड किरकोळ होता. कंट्रोल पॅनेलमधून अडॅप्टरला, म्हणजे वाय-फाय कार्डाला, दिलेला कायमचा आयपी पत्ता एका नेटवर्कपुरता राहत नाही, तो प्रत्येक वाय-फायवर आपल्यासोबत येतो, त्यामुळे १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटणाऱ्या माझ्या घरच्या राउटरशी कार्यालयाचा १० ने सुरू होणारा पत्ता जुळत नव्हता. दुकानदाराने तो केवळ 'ऑटोमॅटिक', म्हणजे राउटर देईल तो पत्ता घेणारा, केला होता. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्जमधील त्या-त्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'आयपी असाइनमेंट' असते. तेथे कार्यालयासाठी 'मॅन्युअल' आणि घरासाठी 'ऑटोमॅटिक' ठेवले की लॅपटॉप ज्याची त्याची सेटिंग आपोआप वापरतो. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

यादीतल्या आणि लॅपटॉपमधल्या मॅक पत्त्यांची छायाचित्रे घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदाराने सॉफ्टवेअरचे १,२०० रुपये मुकाट्याने परत केले, कार्डाबद्दल मात्र "बिल आहे का?" असे मलाच विचारले. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे; पुरावा म्हणून माझ्याकडे ती छायाचित्रे आहेत आणि दुकानाचे नावही नसलेला तो चिठोरा.