सात ते नऊचा क्लास आणि माझी सेकंड शिफ्ट

चाकण एमआयडीसीत एका कारखान्यात मी कंत्राटावर क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. बी.एस्सी. झालंय, पगार १९ हजार, आणि दर आठवड्याला पाळी बदलते. जून २०२३ मध्ये पुण्यातल्या एका कोडिंग क्लासने मला ९० हजारांना बुडवलं. तक्रार चालू आहे म्हणून क्लासचं नाव लिहीत नाही. पण हे लोक काम कसं करतात, ते सगळं सांगतो.

मोबाइलवर जाहिरात दिसली, नंबर टाकला आणि दहा मिनिटांत फोन आला. रविवारी ऑफिसात बोलावलं. काउन्सेलर मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘सध्या काय करता सर, शिफ्ट कशी असते?’’ मी खरं ते सांगितलं. दर तिसऱ्या आठवड्याला सेकंड शिफ्ट, दुपारी तीन ते रात्री अकरा. आणि क्लास सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सात ते नऊ, ऑनलाइन लाइव्ह. ‘‘काही टेन्शन घेऊ नका, रेकॉर्डिंग मिळतं.’’ माझ्या शिफ्टची वेळ त्यांनी वहीत लिहूनही घेतली. मला वाटलं, माझी अडचण समजून घेताहेत.

फी ९० हजार. एवढे नाहीत म्हटल्यावर ‘‘महिना पाच हजार, १८ हप्ते, व्याज शून्य’’. टेबलावरचा टॅब त्यांनी माझ्याकडे वळवला. आधार, पॅन, बँकेचा खातेक्रमांक, सेल्फी. मग ओटीपी. पहिला सांगितला, दुसरा सांगितला. तिसऱ्या मेसेजमध्ये ‘लोन’ हा शब्द होता. विचारलं तर म्हणाल्या, ‘‘हप्ते करायचे तर सिस्टीममध्ये तसंच येतं सर, फॉर्मॅलिटी आहे.’’ स्क्रीनवरचा मजकूर मॅडम स्वतःच बोटाने भराभर वर सरकवत होत्या, माझ्या वाट्याला फक्त टिक करायचा चौकोन आला. त्या दुपारी माझ्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज निघालं. पैसे क्लासच्या खात्यात, हप्ते माझ्या खात्यातून. क्लासची पूर्ण वसुली पहिल्या आठवड्यातच झाली, मग मी शिकलो काय आणि नाही शिकलो काय, त्यांना फरक पडणार नव्हता. हे मला फार उशिरा कळलं.

शिकवणं म्हणजे स्लाइड वाचून दाखवणं. रेकॉर्डिंग यायचं, पण आठ दिवसांत काढून टाकायचे. सेकंड शिफ्टनंतर रात्री बाराला घरी पोचून किती बघणार? शंका विचारायच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता यायचं. पाचव्या महिन्यात ‘प्रोजेक्ट’ म्हणून एक झिप फाइल आली. सगळ्या बॅचला तीच, हजेरीपटाचं सॉफ्टवेअर, वर फक्त आपलं नाव टाकायचं. बायोडेटात दोन वर्षांचा खोटा अनुभव लिहायला सांगितलं. मी नाही लिहिला.

हिंजवडीत एक इंटरव्ह्यू मीच मिळवला. समोरच्या बाईंनी माझाच प्रोजेक्ट उघडायला लावला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘या यादीत उशिरा आलेले किती, तेवढं मोजून दाखव.’’ रोज शेकडो पार्टांतून रिजेक्ट किती निघाले, हे मी कागदावर मोजतो. तीच मोजणी. पण चार ओळींचा लूप, म्हणजे यादीतली एकेक नोंद तपासत जाणारा कोड, मला लिहिता आला नाही. पंधरा मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो.

‘नोकरी नाही तर फी परत’ असं जाहिरातीत होतं. मागायला गेलो तर करार दाखवला, लाइव्ह हजेरी ८५ टक्के हवी, रेकॉर्डिंग धरलं जाणार नाही. तीनातला एक आठवडा माझा ठरूनच बुडणार होता. एकही दिवस आजारी न पडता माझी हजेरी ६७ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नव्हती. शिफ्ट वहीत लिहून घेतली, त्याच दिवशी त्यांना हे माहीत होतं.

एक हप्ता चुकला तेव्हा सिबिल स्कोअर खाली आला आणि वसुलीचे फोन थेट वडिलांना जायला लागले. उरलेले सगळे भरले. घरचा कांदा विकून आलेल्या पट्टीतले १५ हजार त्यात गेले, ते मला अजून लागतं.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच डिजिटल कर्जाचे नियम केलेत. सही करण्याआधी कर्जाचा खरा खर्च मांडलेलं माहितीपत्रक मिळालंच पाहिजे, आणि नंतरही ठरावीक मुदतीत मूळ रक्कम व तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंड न भरता कर्जातून बाहेर पडता येतं. ही मुदत त्याच पत्रकात लिहिलेली असते. मला ते पत्रक ईमेलवर आलं होतं, मी उघडलं नाही. तुम्ही त्याच रात्री उघडा. फसलाच असाल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा करता येतो, पण दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाव्याची फी नाही. फायनान्स कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आता मी पहाटे नाहीतर शिफ्टनंतर, जमेल तेव्हा शिकतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे फुकट आहेत, सी आणि सी प्लस प्लस या कोडिंगच्या भाषांचे मराठीतूनही आहेत. छोटा व्हिडिओ, स्क्रीनवर शेजारी आपली कोड लिहायची खिडकी, थांबवायचं आणि स्वतः टाइप करायचं. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे कोर्सही फुकट बघता येतात, पैसे फक्त परीक्षा द्यायची असेल तर. सहा महिन्यांनी मी पायथॉनमध्ये रिजेक्शनची बेरीज लावणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. नोकरी अजून बदललेली नाही.

गेल्या महिन्यात लाइनवरच्या सहकाऱ्याचा धाकटा भाऊ फॉर्म घेऊन आला. ‘‘दादा, हा क्लास कसा आहे?’’ क्लास वेगळा, टॅबवरचा फॉर्म तसाच. तो सकाळ-संध्याकाळ गावातल्या डेअरीवर दूध मोजतो, रात्री साडेआठला मोकळा होतो. वेळेच्या रकान्यावर मी बोट ठेवलं. सात ते नऊ.