आठ गुंठे गेले, पोराची ऑर्डर काही आली नाही

सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातला मी शेतकरी. गावाचं, माणसाचं, कार्यालयाचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. गेलं ते असं: डांबरीला लागून आठ गुंठे आणि वर १,८०,००० रुपये. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून आमच्याकडं रस्त्याकडेचा गुंठा दीड लाखाला मागतात. म्हणजे १२ लाखांची जमीन बक्षीसपत्रानं दिली, आरोग्य उपकेंद्रासाठी. बदल्यात मुलाला त्याच खात्यात शिपायाची नोकरी लागणार होती.

"एवढं कसं कळलं नाही" म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. नोकरीचे पैसे घेऊन पळणारे सगळ्यांनाच माहीत असतात. हा तसला नव्हता. गावचाच पुढारी, ग्रामसभेचा शिक्क्याचा ठराव, मोजणीला साहेब स्वतः हजर. जागा सरकारलाच जाणार होती. संशय घ्यायचा कुणाचा?

घ्यायचा होता तो दस्ताच्या दिवशी. अंगठा यंत्रावर ठेवायच्या आधी मसुदा वाचला गेला: "स्वखुशीने, विनामोबदला, विनाअट." नोकरीचं कुठाय, असं मी विचारलंसुद्धा. पुढारी खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आण्णा, सरकारी दस्तात आसलं लिवत न्हाईत. ते ठरावात हाय की." मागं रांग लागलेली. कॅमेऱ्यात बघा म्हणाले, बघितलं. दस्तावरच्या त्या फोटोत मी चक्क हसतोय.

ठरावात होती फक्त "नोकरीत प्राधान्य मिळावे" अशी शिफारस. वकिलानं पाच मिनिटांत निकाल लावला. ग्रामपंचायतीला ती नोकरी द्यायचा अधिकारच नाही. राज्य सरकारशी करार व्हायचा तर राज्यपालांच्या नावानं, अधिकार असलेल्याच्या सहीनं. घटनेचं कलम २९९. जाहिरात आणि स्पर्धा टाळून नेमणूक केली तर कलम १४ आणि १६ आड येतात. उमादेवी खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००६ मध्येच मागल्या दारच्या भरतीला चाप लावलाय. खुद्द मंत्र्यानं शब्द दिला असता तरी कोर्टात टिकणं अवघड होतं.

जिव्हारी लागलं ते पुढचं. हीच जमीन सरकारनं संपादित केली असती तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं मोबदला मिळाला असता, प्रकल्पग्रस्त दाखल्यासाठी निदान अर्ज तरी करता आला असता. त्या दाखल्यावर भरतीत पाच टक्के समांतर आरक्षण असतं, परीक्षा चुकत नाही ती नाहीच. दान दिलं की तेही दार बंद. जागा देताना आधी विचारा: संपादन की बक्षीसपत्र?

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. खात्यात म्हणाले, "तुम्ही दान दिलंय ना? मग?" ज्यांनी मोजणी केली ते साहेब बदलून गेले, नव्यांना फाइल सापडत नाही. माहिती अधिकारात उत्तर आलं, "अशी कोणतीही योजना या कार्यालयाच्या अभिलेखावर नाही." सातबारावरून माझं नाव उतरवताना मात्र सगळे अभिलेख बरोब्बर सापडले! उपकेंद्राच्या फलकावर दाता म्हणून नाव घातलंय, तेसुद्धा चुकीचं. गावात लोक मुद्दाम विचारतात, "पोराची ऑर्डर आली का?"

रोख देऊ नका. माझे १,६०,००० रोखीत गेले. पुरावा आहे तो फोनपेवरच्या २०,००० चा. दान करायचंच असेल तर इतक्या वर्षांत इमारत झाली नाही तर जमीन परत, एवढी अट तरी दस्तातच घाला. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६ मध्ये तशी सोय आहे. तोंडी काही धरू नका. आता तोच पुढारी शेजारच्या गावात शाळाखोलीसाठी जागा बघत फिरतोय, तिथंही पोराच्या नोकरीचंच बोलणं चाललंय. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर दस्ताची तारीख पुढं ढकला आणि मसुदा आधी स्वतःच्या वकिलाला दाखवा, त्यानं आणलेल्या वकिलाला नव्हे.