गेमचं कार्ड आणि मांजरा खोऱ्याचं भूजल: आरटीएक्स ३०६०, नऊ महिन्यांनंतर

मागच्या दिवाळीत लातूरच्या एका दुकानातून हे १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड घेतलं. खोका उघडला तेव्हा वडील म्हणाले, "गेम खेळायला आणलंस का?" पीएचडीसाठी आहे म्हटलं. अजून पटलेलं नाही.

काम भूजल मॉडेलचं. मांजरा खोऱ्याच्या एका तुकड्याचे दहा-दहा मीटरचे चाळीस लाख चौकोन. प्रत्येकाची पाणीपातळी शेजारच्या चौघांवरून काढायची, मग पुढची पायरी. आमच्या काळ्या दगडाचं असं, की एका विहिरीला पाणी आणि पन्नास पावलांवरची बोअर कोरडी. दगडातून पाणी किती सरकतं याचा आकडा नक्की धरता येत नाही, म्हणून तो बदलत तेच मॉडेल शेकडो वेळा चालवायचं. प्रोसेसरवर एक रन अकरा तासांची. (२०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा मी शाळेतून ते बघायला गेलो होतो. विषय बहुधा तिथेच ठरला.)

पहिल्या दिवशी नम्पायच्या (पायथनमधलं आकडेमोडीचं पॅकेज, प्रोसेसरवर चालतं) जागी कूपाय (तेच काम कार्डावर करणारं) टाकलं, तर वेग हजारपट! मित्राला फोनही केला. नंतर कळलं, कार्डाला काम सांगितलं की प्रोग्राम न थांबता पुढच्या ओळीवर जातो. मी काम सोपवायचा वेळ मोजत होतो, काम व्हायचा नाही. सिंक्रोनाइझ, म्हणजे कार्डाचं काम संपेपर्यंत थांबायची आज्ञा, टाकून मोजलं, तर प्रोसेसरपेक्षाही हळू. कारण कोरड्या विहिरी शोधायला दर पायरीला पाणीपातळीची सगळी टेबलं कार्डावरून रॅममध्ये आणून परत पाठवत होतो. शंभर मजूर लावायचे आणि दर काकरीला सगळ्यांना घरी बोलावून हजेरी घ्यायची, तसं. टेबलं कार्डावरच ठेवली, तपासणीही तिथेच केली, बारीक बारीक क्रिया एका कर्नलमध्ये (कार्डावर एका दमात चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) बांधल्या. आता एक रन ३५ मिनिटांत होते.

म्हणजे कार्डात कोअर (आकडेमोड करणारे छोटे भाग) ३५८४ आणि फायदा एकोणीस पट. आधी फसल्यासारखं वाटलं. पण या गणितात आकडेमोड थोडी, ने-आण जास्त. कार्डाची मेमरी सेकंदाला ३६० जीबी पुरवते, माझी डीडीआर४ रॅम दोन चॅनेल मिळून कागदावर ५१. कोअर बहुतेक वेळ आकड्यांची वाट बघत बसलेले असतात. म्हणूनच ८ जीबीचं ३०६० स्वस्त दिसलं तरी घेऊ नका. त्याच्या मेमरीचा रस्ताच अरुंद आहे.

खरा ताप झाला अचूकतेचा. या कार्डावर डबल प्रिसिजनचा (जास्त अंक धरणाऱ्या आकडेमोडीचा) वेग सिंगलच्या (कमी अंक धरणाऱ्या) चौसष्टाव्या हिश्श्याइतका, म्हणून सिंगलवर गेलो. तर मॉडेलमध्ये ऐन उन्हाळ्यात काही ठिकाणची पातळी खाली जाईचना. असं मराठवाड्यात व्हायला लागलं तर मॉडेल नको, पेढे वाटायला हवेत. दोन आठवडे कोडात चूक शोधली, सापडली नाही. मी पातळी समुद्रसपाटीपासून धरली होती, सहाशे मीटरच्या आसपास. तिथे सिंगलमधले दोन शेजारी आकडे ०.००००६ मीटर अंतरावर असतात. एका पायरीतली घट त्याच्या निम्म्याहून कमी असली की वजाबाकी होऊनही आकडा जागेवरच. मग पातळीऐवजी सुरुवातीपासूनची घट साठवली. शून्याजवळचे आकडे आले आणि उत्तर डबलशी जुळलं.

एकामागून एकच करता येणाऱ्या कामाला कार्डाचा उपयोग नाही. विहिरींच्या नोंदी साफ करणं अजून प्रोसेसरवरच चालतं.

कार्ड १७० वॅट खातं. दुकानदाराने "चालतंय की" म्हणून दिलेला पॉवर सप्लाय तिसऱ्या आठवड्यात गेला, नवा ५५० वॅटचा घेतला. तो खर्च आधीच धरा. गल्लीतली डीपी जळाली तेव्हा दोन दिवस सगळं ठप्प, आणि यूपीएस पाच-सात मिनिटांचा सोबती. तेव्हापासून दर दहा मिनिटांनी टेबल डिस्कवर लिहितो. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी कार्ड ८३ अंशांवर जाऊन मंदावायचं. कूलर समोर ठेवला तर ओल येणार, म्हणून पाणी न भरता नुसता पंखा चालवला आणि रन रात्रीवर ढकलल्या.

सरांना पाचशे रन हव्यात, २८० झाल्या. आता पावसाळा आहे, खोली गार आहे. लाइट टिकली तर पोळ्यापर्यंत संपतील.