उतारा सोपा करायचा की उलगडायचा?

सोलापुरात आमच्या वर्गात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड. इंग्रजी तिसरी-चौथी भाषा. उताऱ्याला हात लावावाच लागतो.

सोपा केला, की ‘द वीव्हर वॉज रिलक्टंट टू सेल हिज लूम’चं ‘ही डिड नॉट वॉन्ट टू सेल इट’ होतं. मुलं भराभर वाचतात, पण ‘रिलक्टंट’ त्यांना भेटतच नाही. उलगडताना तो शब्द तसाच ठेवून अर्थ शेजारी जोडायचा. वाक्य लांबतं, हे खरं. यानो, लाँग आणि रॉस यांच्या १९९४च्या, जपानी विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासात आकलन दोन्हींत जवळपास सारखं आलं. अनुमानाच्या प्रश्नांत मात्र उलगडलेला मजकूर सरस ठरला.

अगदी नवख्यांना मी सोपाच देते, बाकीच्यांना उलगडलेला. घरात माग असलेल्या एका मुलीनं परवा वहीत लिहिलं, ‘माय फादर इज रिलक्टंट.’