फ्रीबीएमडीवर ‘आर्कराइट’ आडनाव शोधलं, दोन महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

इंग्लंडमधल्या जुन्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी शोधायची ही साइट आहे, नाव फ्रीबीएमडी, आणि नावाप्रमाणे खरंच फुकट आहे, कार्ड नंबर नाही, ट्रायल नाही, साधं लॉगिनसुद्धा करावं लागत नाही. १९९८ पासून स्वयंसेवक जुन्या सरकारी इंडेक्सची, म्हणजे नावांच्या सूचीची, पानं बघून एकेक ओळ टाइप करतायत आणि आजपर्यंत २५ कोटींपेक्षा जास्त नोंदी झाल्यात. मी दोन महिने रोज रात्री जेवणं झाली की वापरली म्हणून नीट लिहितेय, कारण मराठीत याबद्दल मला काहीच वाचायला मिळालं नव्हतं आणि आता इथे इंग्लंडमध्ये आपले बरेच लोक राहतात, कुणाची सून इंग्लिश, कुणाचा जावई इंग्लिश, कधी ना कधी हा प्रश्न येतोच की यांचं आडनाव कुठलं.

माझ्या बाबतीत प्रश्न आला शेजारच्या आजींकडून. आम्ही प्रेस्टनला राहतो, लँकाशायरमध्ये. आजींचं वय ८४, त्यांचं माहेरचं आडनाव आर्कराइट. त्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर एक फ्रेम आहे, ढाल, पट्टे, खाली मोठ्या अक्षरात आर्कराइट, कुठल्यातरी जत्रेत एका स्टॉलवरून त्यांच्या नवऱ्याने आणलेली. एकदा चहा पिताना मला म्हणाल्या, आम्ही सर रिचर्डच्या घराण्यातले का गं? मला राहवलं नाही, म्हटलं शोधूया.

सर रिचर्ड आर्कराइट म्हणजे ज्यांनी पाण्यावर चालणारं सूतकताईचं यंत्र, वॉटर फ्रेम, आणलं ते. जन्म १७३२ चा, याच प्रेस्टनमधला, एका शिंप्याचा मुलगा. आधी न्हावीकाम, मग विगचा धंदा, आणि मग जॉन के नावाच्या घड्याळजीला हाताशी धरून यंत्र. ते ज्या घरात हे करत बसायचे ते घर स्टोनीगेटवर अजून उभं आहे, मी बसस्टॉपला जाताना तिथूनच जाते. १७६९ ला पेटंट, १७७१ ला डर्बीशायरमध्ये क्रॉमफर्डला गिरणी, १७८६ ला सर. पेटंट पुढे १७८५ मध्ये कोर्टाने रद्दही केलं, पण तोवर पैसा झाला होता.

आता आडनावाचा अर्थ, कारण मला तोच भाग जास्त आवडला. राइट म्हणजे बनवणारा, घडवणारा कारागीर. यातला डब्ल्यू उच्चारत नाहीत. कार्टराइट गाडी बनवणारा, वेनराइटही गाडीच पण मोठी मालाची, प्लाउराइट नांगर करणारा, बोटराइट होड्या करणारा. आणि आर्क म्हणजे पेटारा. मूळ शब्द लॅटिन आर्का, पेटी. आपल्याकडच्या मराठी बायबलमध्ये नोहाचं तारू आणि कराराचा कोश असे दोन वेगळे शब्द आहेत ना, इंग्लिशमध्ये दोन्हीला आर्कच म्हणतात, तोच हा शब्द. पण लँकाशायर-यॉर्कशायरच्या घरांत आर्क म्हणजे स्वयंपाकघराजवळ ठेवलेला पीठ-धान्याचा लाकडी पेटारा. आपल्या कणगीचंच काम, फक्त थंड ओल्या हवेचं, उंदरापासून आणि दमटपणापासून ओटचं पीठ वाचवायचं. असा एक पेटारा मी म्युझियममध्ये जवळून पाहिला. ओकचं लाकूड करवतीने कापलेलं नाही, पाचर ठोकून फाडलेलं, त्यामुळे फळीवर हात फिरवला असता तर लाटा लागल्या असत्या असं दिसत होतं, एकही लोखंडी खिळा नाही, सगळं लाकडी खुंट्यांवर. आणि झाकण घराच्या छपरासारखं उतरतं, ते सुटं निघतं, उलटं ठेवलं की त्याची परात होते, त्यात कणीक मळायची. ज्याने हे पहिल्यांदा केलं त्याला घरातल्या बाईचं काम माहीत होतं, मी तिथे बराच वेळ उभी होते.

म्हणजे आर्कराइट हे पेटारे करणारा सुतार. आडनाव दुर्मिळ का, तर हेच कारण. लोहार प्रत्येक गावात लागतो म्हणून स्मिथ आज पाच लाखांवर आहेत, पण फक्त पेटारे करून पोट भरणारे थोडे, आणि त्या पेटाऱ्याला आर्क म्हणायची पद्धतही मुख्यतः उत्तरेतली. इंग्लंडमध्ये आडनावं वंशपरंपरेने पक्की व्हायला तेराव्या-चौदाव्या शतकात सुरुवात झाली, उत्तरेत आणखी उशिरा. त्यावेळी जो पेटारे करत होता त्याच्या मुलाबाळांना ते चिकटलं, मग मुलगा काहीही करो. सर रिचर्डचे वडील शिंपीच होते की, आपल्याकडे पोतदार आडनावाचा माणूस बँकेत असेलच असं थोडंच आहे.

आता साइट. उघडली की एक साधा फॉर्म येतो. जन्म, लग्न की मृत्यू ते निवडायचं, आडनाव, नाव, वर्षं, आणि खाली काउंटी किंवा रजिस्ट्रेशन डिस्ट्रिक्ट. दिसायला अगदी जुनी आहे, मोबाईलवर वापरू नका, लॅपटॉप घ्या. पण दुर्मिळ आडनावाला इथे जी मजा आहे ती स्मिथला नाही, कारण नावाचा रकाना रिकामा ठेवून नुसतं आर्कराइट टाकलं, सन १८३७ ते १८५०, तरी यादी हातात मावेल एवढीच येते. १८३७ का, तर त्या वर्षी १ जुलैपासून इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली. मी दहा-दहा वर्षांचे तुकडे करून याद्या काढल्या आणि वहीत डिस्ट्रिक्टप्रमाणे खुणा करत गेले, आणि दुसऱ्या रात्रीच चित्र दिसायला लागलं. लँकाशायर, लँकाशायर, लँकाशायर, त्यातही आमच्या प्रेस्टनच्या आसपास. १८५२ पासूनची एकेक ओळ अशी असते, नाव, तिमाही, प्रेस्टन, खंड ८ई म्हणजे त्या भागाच्या खंडाचा नंबर, पान नंबर. त्या ८ई ची मला इतकी सवय झाली की दुसरा आकडा दिसला की लगेच डोळा थांबायचा.

आणि जिथे डोळा थांबला तिथेच खरी गोष्ट होती. लँकाशायरच्या बाहेर थोडे आर्कराइट दिसतात डर्बीशायरला, काही हेरफर्डशायरला, काही एसेक्समध्ये. हे पेटारेवाले तिकडे कसे गेले? तर सर रिचर्डचा मुलगा, तोही रिचर्डच, १८४३ ला वारला तेव्हा देशातल्या सगळ्यात श्रीमंत लोकांपैकी एक होता, त्याने मुलांसाठी इस्टेटी घेतल्या, हेरफर्डशायरमध्ये हॅम्प्टन कोर्ट नावाचा वाडा, एसेक्समध्ये हार्लोजवळ मार्क हॉल. म्हणजे नकाशावरचे ते लांबचे ठिपके बरेचसे गिरणीच्या पैशाचे, आणि लँकाशायरमधला दाट पुंजका बराचसा साध्या कष्टकऱ्यांचा. एकच आडनाव, दोन इंग्लंड. हे मला कुणी सांगितलं नाही, याद्या मांडता मांडता दिसलं, आणि यासाठी मी या साइटला पूर्ण मार्क देते.

काही गोष्टी माहीत नसतील तर फसाल म्हणून सांगते. तारीख म्हणजे जन्माची नाही, नोंदणीच्या तिमाहीची, आणि नोंदणीला ४२ दिवस मिळायचे, त्यामुळे डिसेंबरचं बाळ पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत सापडू शकतं. डिस्ट्रिक्ट म्हणजे गाव नाही, त्यात आजूबाजूची खेडीही येतात. जन्माच्या इंडेक्समध्ये आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून आहे, त्याआधीचं हवं असेल तर सरकारी जनरल रजिस्टर ऑफिसच्या साइटवर त्यांनी स्वतंत्र इंडेक्स केलाय त्यात १८३७ पासून मिळतं, तो बघायलाही फुकट आहे पण तिथे अकाउंट काढावं लागतं. लग्नाच्या नोंदीत जोडीदाराचं आडनाव १९१२ पासून. त्याआधीचं लग्न असेल तर पान नंबरवर क्लिक करा, त्याच पानावरची मोजकीच नावं येतात, त्यातलंच एक नवरा किंवा बायको. मला हे कळायला आठवडा गेला. आणि १८७५ च्या आधी नोंद न करणाऱ्याला नीट दंड नव्हता त्यामुळे काही मुलं इंडेक्समध्ये नाहीतच, सापडलं नाही म्हणजे जन्मलंच नाही असं धरू नका. स्पेलिंगही बदलून बघा, कधी डब्ल्यू गळालेला असतो, कधी जीएच.

इंडेक्स म्हणजे फक्त पत्ता, माणूस नाही. माणूस बघायचा तर जनगणना. ती दर दहा वर्षांनी, नावांसकट १८४१ पासून, आणि १०० वर्षं झाल्यावर उघडतात. १९३१ ची आगीत जळाली, १९४१ ला युद्धामुळे झालीच नाही, त्यामुळे १९२१ च्या नंतर मोठं भगदाड आहे. १८८१ ची फॅमिलीसर्च नावाच्या साइटवर फुकट शोधता येते. बाकीसाठी मी एका पैसे घेणाऱ्या साइटवर ट्रायल घेतली, ती बंद करायला एक दिवस उशीर झाला तर वर्षाचे पैसे कापले, आणि वर तिथे आजींच्या आजोबांचं आडनाव कार्टराइट म्हणून टाइप केलेलं होतं त्यामुळे ते तीन दिवस सापडले नाहीत. तुमच्या गावच्या लायब्ररीत या साइट्स फुकट असतात का ते आधी विचारा, आमच्याकडे होत्या. लँकाशायरसाठी अजून एक रत्न आहे, लँकाशायर ऑनलाइन पॅरिश क्लर्क्स, चर्चच्या जुन्या वह्या, बाप्तिस्मा, लग्नं, दफन, तेही स्वयंसेवकांनी टाइप केलेलं, तेही फुकट. १८३७ च्या मागे जायचं तर तिथूनच.

तर आजींचे आजोबा १९११ च्या जनगणनेत सापडले, प्रेस्टन, धंदा कापूस विणकर. १९११ चा फॉर्म घरातल्या माणसाने स्वतःच्या हाताने भरलेला असतो आणि त्यात विवाहित बाईला विचारलंय, किती मुलं जिवंत जन्मली, किती आहेत, किती गेली. तिथे ९, ५, ४ असं लिहिलेलं, आणि ४ वर शाई जरा पसरलेली. आजींनी भिंग घेतलं आणि कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, बाबांनी कधीच सांगितलं नाही. त्या चौघांची नावं मी फ्रीबीएमडीवरच काढली, जन्म आणि मृत्यू जुळवून, मृत्यूच्या इंडेक्समध्ये १८६६ पासून वय असतं त्यामुळे जमलं. चारही वयं शून्य ते दोन.

सर रिचर्डचं काय? मागे मागे जात १८४१ च्या एका हातमागवाल्यापर्यंत पोचले. त्याच्या मागे शेजारशेजारच्या दोन पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, दोन वर्षांच्या अंतराने एकाच नावाचे दोन आर्कराइट बाप्तिस्मे आहेत, आणि १८४१ च्या जनगणनेत मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचे त्यामुळे यातला आपला कोण ते ठरत नाही. मी तिथेच थांबले आणि आजींना तसंच सांगितलं, नातं असेल किंवा नसेल, कागद नाही. त्या फ्रेमबद्दलही सांगावं लागलं. इंग्लंडमध्ये ढाल-चिन्ह आडनावाला मिळत नाही, माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांना जातं, ते देणारं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ पासून आहे. म्हणून आडनाव बघून कुलचिन्ह छापून देणाऱ्यांवर कृपा करून पैसे घालवू नका, तेवढ्या पैशात खरे दाखले येतात.

यात माझाही एक धागा निघाला. माझे आजोबा लालबागला गिरणीत त्रासन खात्यात होते. लहानपणी मला वाटायचं तिथे त्रास होतो म्हणून त्रासन. तो शब्द थ्रॉसल, कताईच्या यंत्राचं नाव, आणि थ्रॉसल म्हणजे वॉटर फ्रेमचंच पुढचं रूप, पाण्याऐवजी वाफेवर चालणारं. मुंबईत कावसजी दावरांनी १८५४ मध्ये पहिली गिरणी काढली तेव्हापासून यंत्रं बहुतेक इकडूनच, लँकाशायरहून जायची. आणि यंत्रमाग काढणारा कोण, एडमंड कार्टराइट, १७८५. पेटारेवाल्याने सूत काढलं, गाडीवाल्याने कापड विणलं, आणि आजींचे आजोबा इथे आणि माझे आजोबा तिथे त्याच यंत्रांपुढे उभे राहिले. हे आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला.

रेटिंग ५ पैकी ४.५. अर्धा मार्क मोबाईलसाठी आणि नवख्या माणसाला समजायला वेळ लागतो म्हणून. दुर्मिळ आडनाव असेल तर डोळे झाकून इथूनच सुरुवात करा.

आता आजींच्या आईकडचं आडनाव घेतलंय, वॉकर. तेही कापडाच्याच धंद्यातलं, ओलं लोकरी कापड पायाने तुडवून घट्ट करणारा, दक्षिणेत त्यालाच फुलर म्हणतात आणि डेव्हनकडे टकर. पण वॉकर टाकलं की नुसत्या लँकाशायरमध्ये इतके येतात की साइट म्हणते शोध अजून बारीक करा. त्यामुळे या वेळी उलटं चाललंय, १९१२ नंतरचं लग्न आधी पकडलंय, नवऱ्याच्या रकान्यात आर्कराइट, तिमाही जून, प्रेस्टन, ८ई.